चेनकप्पीचे उद्योग
1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथल्या गॅरेजातली चेनकप्पी नुसती इंजिनं उचलत बसत नाही. रोवणीआधी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील चढवायची तर तीच, राइस मिलची मोटर हलवायची तर तीच, बोअरमधला पंप वर काढायला तिपाईवर पुन्हा तीच. आतल्या दातेरी चाकांमुळे टनभर ओझंही एकटा माणूस उचलतो; मात्र वीतभर चढवायला साखळी कितीतरी हात ओढावी लागते. हात सोडला तरी ब्रेक ओझं धरून ठेवतो, म्हणून काही उस्ताद त्याखाली बिनधास्त सरपटतात. हा शुद्ध आगाऊपणा! आधी लाकडी ठोकळे लावावेत. टांगायला कौलारू पडवीचं आढंही चालत नाही. भक्कम लोखंडी चौकट किंवा तिपाईच हवी.