शिक्क्याने भागत नाही!

फुलपाड्यातील मध्यमवर्गीय कर्ज काढून मुलास अमेरिकेस धाडतो आणि व्हिसाचा शिक्का मिळताच गंगेत घोडे न्हाले असे मानतो. पण शिक्का प्रवेशापुरताच! वास्तव्याचा हक्क टिकतो तो पूर्ण अभ्यासक्रम चालू ठेवल्याने आणि सत्रकाळात आठवड्यास २० तासांहून अधिक काम न केल्याने. एप्रिल २०२५ मध्ये तर हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी तेथील सरकारने एकाएकी रद्द केल्या. कित्येकांच्या बाबतीत निमित्त क्षुल्लक पोलीस नोंदीचे! विद्यार्थी न्यायालयांत गेले, तेव्हा २५ एप्रिलला सरकारला माघार घ्यावी लागली. विद्यार्थ्यांनी नियम व कागद जिवापाड जपावेत. परंतु दाद मागताना त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे आमच्या वकिलातींचे कर्तव्य आहे, हे आम्ही दिल्लीस बजावतो.