रानद्राक्षं : आधी बी बघा, मग चव!

द्राक्षं म्हटलं की आपल्याला नाशिक आठवतं, नाहीतर सुपरमार्केटमधला प्लॅस्टिकचा डबा. पण फुकटातली द्राक्षंही असतात, बरं का! पावसाळा सरताना बुलढाण्याजवळच्या देऊळघाटकडे वीकेंड काढा. पैनगंगेचा काठ, मागे अजिंठ्याचे डोंगर. तिथल्या झाडा-कुंपणांवर एखादी वेल चढलेली दिसेल. हाताच्या पंजाएवढी कातरलेली पानं आणि काळपट जांभळे घोस दिसले, तर ती रानद्राक्षं असू शकतात. शास्त्रीय नाव अँपेलोसिसस लॅटिफोलिया, म्हणजे आपल्या द्राक्षाची चुलत बहीणच.

पण थांबा, लगेच तोंडात टाकू नका! याच कुंपणावर वासनवेलही असते. तिचीही फळं गोल, जांभळी आणि रसाळ. ती मात्र गुळवेलीच्या कुळातली. अमेरिकेत जंगली द्राक्षं समजून लोक फसतात ते विषारी ‘मूनसीड’ही याच कुळातलं.

मग ओळखायचं कसं? दोन टेस्ट. पहिली, ताणे. द्राक्षकुळातल्या वेलीला पानाच्या समोरच्या बाजूने स्प्रिंगसारखे ताणे फुटतात. वासनवेलीला ताणे नसतात, ती स्वतःच आधाराला वेटोळे घालते. दुसरी, बी. फळ फोडून बघा. द्राक्षात साधारण दोन ते चार बिया. वासनवेलीची बी घोड्याच्या नालासारखी वाकडी! ‘पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालतं’ हा हिशेब इथे लावू नका.

दोन्ही टेस्ट पास झाल्या तरी शेवटचा शब्द गावातल्या जाणत्या आजीचा. ही फळं तिने वर्षानुवर्षं खाल्लेली हवीत. कच्च्या फळांनी घसा खवखवतो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून पूर्ण पिकलेलीच घ्या, शिजवून गाळा, गूळ, जिरं नि मीठ घाला. आंबटगोड सरबत तयार!

आणि हो, फवारणी झालेल्या कपाशी-सोयाबीनच्या बांधावरचं काही तोडू नका. जवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात तर नकोच. 2019 मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला ‘वॉकर’ वाघ जिथे पोचला, ते हेच जंगल. तिथे फक्त बघायचं. वेलीचा कंदही उकरू नका. पुढच्या पावसात ती त्यातूनच फुटते.

शंका आली की फळ वेलीवरच राहू द्या. सरबत काय, लिंबाचंही छान होतं!