एकदंत आणि एक अन्यायकारक म्हण

भाद्रपदात कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर महाड-पोलादपूरकडचे चाकरमानी उतरतात आणि घरोघरी एकदंताची पूजा मांडली जाते. एरवी मात्र कुणाचा दंभ उघडा करावयाचा झाला की त्याच घरांतून, आणि आमच्या समीक्षालेखांतूनही, ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ ही म्हण ऐकू येते. या म्हणीने हत्तीवर अन्याय केला आहे, असे आमचे मत आहे.

हत्तीचे बाहेर दिसणारे दात म्हणजे वरच्या जबड्यातील वाढलेले पटाशीचे दात. त्यांनी तो झाडांची साल सोलतो, मुळे आणि क्षारयुक्त माती उकरतो, प्रतिस्पर्ध्याशी झुंजतो. माणसाचा जसा उजवा किंवा डावा हात, तसा हत्तीचाही एक दात अधिक राबतो आणि अधिक झिजतो. दाढा जे दळतात, ते मिळविण्यात या दातांचाही वाटा असतो. मग ते निव्वळ दाखविण्याचे कसे?

आपल्या कथांनी हे अधिक नेमके ओळखले आहे. ब्रह्मांडपुराणात गणेशाचा दात तुटतो तो परशुरामाच्या, म्हणजे कोकणभूमीच्या निर्मात्याच्या, परशूने. पित्याने दिलेले शस्त्र व्यर्थ जाऊ नये म्हणून गणेश तो घाव दातावर झेलतो. लोकप्रिय कथेत हाच दात महाभारताची लेखणी होतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने लेखनिक गणेशाचा प्रसंग मूळ संहितेबाहेर, परिशिष्टात ठेवला. लोकमानसातून तो हलला नाही. एका कथेत दात घाव सोसतो, दुसरीत लिहितो. शोभेसाठी तो कुठेच नाही.

दात शोभेचा झाला तो माणसाच्या हाती. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु या हौसेपायी हत्ती इतके मारले गेले की भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये आणि आयात आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ मध्ये कायद्याने बंद करावा लागला.

म्हण टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. वर्गात ती शिकविताना एकदंताची कथाही सोबत सांगावी, आणि दात दाखविण्याची हौस नेमकी कुणाची, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.