मळेवाल्याची नजर आणि ‘नव-कादंबरी’

फ्रेंच ‘नव-कादंबरी’चे नाव काढताच आपल्या पुष्कळ कॉम्रेड्सच्या कपाळाला आठ्या पडतात. कथानक नाही, पात्रांची धड ओळख नाही, तोच तो प्रसंग पुन्हा पुन्हा. म्हणजे हा रिकामटेकड्या बुर्झ्वांचा शब्दखेळ, असा निकाल पुस्तक न उघडताच दिला जातो. हा निकाल घाईचा आहे.

आलँ रॉब-ग्रिये यांची १९५७ सालची ‘ला जालूझी’ घ्या. आपल्यापैकी बहुतेकांना ती रिचर्ड हॉवर्ड यांच्या १९५९ च्या इंग्रजी अनुवादातूनच वाचावी लागते, आणि नुकसान मुखपृष्ठापासूनच सुरू होते. फ्रेंचमध्ये या एका शब्दाचे दोन अर्थ होतात: पतीच्या मनातील संशय, आणि खिडकीची झिलमिली. इंग्रजी शीर्षकात संशय उरला, झिलमिली गळाली. मराठीतही दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागेल. वास्तविक सारी कादंबरी त्या पट्ट्यांच्या फटींतून पाहिल्यासारखी आहे.

उष्ण कटिबंधातील वसाहत, केळीचा मळा. मळ्याचा मालक सर्वत्र हजर आहे, पण ‘मी’ हा शब्द तो एकदाही उच्चारीत नाही. खुर्च्या आणि ताटे मोजून वाचकाने त्याचे अस्तित्व ताडायचे. पत्नी आणि शेजारचा मळेवाला फ्रांक यांच्यावर त्याची पाळत आहे. भिंतीवर चिरडलेल्या गोमेचा डाग तो वारंवार न्याहाळतो. केळीची झाडे ओळीओळीने मोजतो, हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने. परंतु ज्यांच्या श्रमावर हा मळा उभा आहे, त्या मजुरांना नाव नाही, चेहरा नाही. ओंडक्यांच्या पुलावर वाकलेल्या त्या नुसत्या आकृत्या. रॉब-ग्रिये स्वतः कृषितज्ज्ञ म्हणून मार्तिनिक आणि ग्वादलूपला राहिलेले, तेव्हा मळ्यांतील मजूर त्यांच्या पाहण्यातले होते. वसाहतवादी मालकाला झाड दिसते आणि माणूस दिसत नाही, हे एकही घोषणा न देता दाखविणे मला तरी थोडेथोडके वाटत नाही. झाक लेनार्ट यांनी १९७३ मध्ये या एकाच कादंबरीच्या राजकीय वाचनावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो उगीच नव्हे.

यावर आक्षेप येईल की, खुद्द लेखकानेच बांधिलकीचे साहित्य नाकारले होते. खरे आहे, १९६३ च्या त्यांच्या निबंधसंग्रहात ते स्पष्ट दिसते. पुढील कादंबऱ्यांतील स्त्रीदेहाच्या विटंबनेचे समर्थनही मी करणार नाही. पण हेच रॉब-ग्रिये १९६० साली अल्जीरियातील युद्धाविरुद्धच्या ‘१२१ जणांच्या जाहीरनाम्या’वर सही करतात. त्यांचे प्रकाशनगृह ‘एदिसियाँ द मिन्युई’ हे नाझी अमलाखाली भूमिगत जन्मलेले. कम्युनिस्ट पत्रकार आँरी आलेग यांनी फ्रेंच लष्कराकडून झालेल्या आपल्या छळाची हकीकत लिहिली, ती १९५८ मध्ये याच गृहाने छापली आणि सरकारने जप्त केली. छळाचे ते पुस्तक आणि गोमेच्या डागाची ही कादंबरी एकाच छपराखालून बाहेर पडली. आपण मात्र पहिले छातीशी धरतो आणि दुसरी चाळूनही पाहत नाही. वास्तववाद ही ठराविक साच्याची मिरास नव्हे, हा मुद्दा ब्रेख्तने लुकाचविरुद्ध १९३८ च्या सुमारासच मांडला होता.

अनुवादातही शाबूत राहिलेली एक जागा सांगतो. मळ्यावरचा एक ड्रायव्हर देशी गाणे गुणगुणत असतो. मध्येच ते थांबते. संपले की थांबले, मालकाला कळत नाही. तेवढ्यात सूर पुन्हा उमटतो. झाडान्‌झाड मोजणाऱ्या त्या माणसाला त्या गाण्याचा आरंभ सापडत नाही आणि शेवटही.