केसांना लावायचं की ताटात वाढायचं?

मखमलाबादच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्यांइतकाच केसांचा विषय निघतो. "ताई, मोबाईलवर दाखवतात ते हिरवं फळ, एवोकॅडो, कुस्करून लावलं तर केस गळायचे थांबतात का?" द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या एकीनं परवा विचारलं. काहीजणी हसल्या. मला हसू आलं नाही. बाईनं स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यावं, हे आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत.

एवोकॅडोच्या गरात भरपूर तेल असतं. तो केसांना चोळून धुतला, तर कोरडे केस मऊ होतात, विंचरताना कमी तुटतात. बस, इतकंच. आपलं खोबरेलही हे करतं. रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. (दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही ध्यानात असू द्या!)

पण मुळापासून गळणाऱ्या केसांचं काय? बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर केस गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. थायरॉइड बिघडलं, अंगात लोह कमी पडलं, तर मात्र कुठलाच लेप पुरत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ४८ बायकांच्या अंगात रक्त कमी होतं, असं २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. २०१९-२१ च्या पाहणीत त्या ५४ झाल्या. सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं खाणारी बाई यांत पहिली. तिला आपण केस गळण्यावर परदेशी फळ डोक्याला थापायला सांगायचं? त्या एका फळाच्या पैशांत शेंगदाणे, गूळ आणि मेथीची जुडी येते. आणि फळ आणलंच, तर तिनं ते खावं की!

पुढच्या बैठकीआधी आम्ही सगळ्याजणी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घेणार आहोत. बारापेक्षा कमी निघालं, तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या, जेवणात लिंबू, आणि जेवणाला लागून चहा बंद. तुमच्या गटांनीही तपासून घ्यावं आणि आकडे आम्हाला कळवावेत. नावं नकोत, फक्त आकडे. सोबत एवढं जरूर लिहा: घरात शेवटी कोण जेवतं?