वजनाचा जुलूम

उकणी, निलजई, कोलारपिंपरीच्या खाणींतून कोळसा भरून निघालेले टिप्पर आणि त्याच वाटेने शेतावरून परतणारी कापसाची बंडी, हे वणी तालुक्यातील नित्याचे दृश्य आहे. कायद्याने दोघांचाही रस्त्यावर सारखाच हक्क. परंतु आघाताचा कायदा निराळा आहे आणि तो कोणाचीही भीड धरीत नाही.

पंचवीस टनांचा ट्रक आणि स्वारांसह अडीचशे किलोंची मोटारसायकल ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळली असे समजा. वजनात शंभरपट अंतर! ट्रकचा वेग जेमतेम एका किलोमीटरने उतरतो. स्वार मात्र क्षणार्धात जवळजवळ ट्रकच्याच वेगाने मागे भिरकावले जातात. चूक कोणाचीही असो, तिचे मोल हलक्यानेच द्यावयाचे. एस. टी. सारख्या भारी वाहनाचीही जेथे धडगत नाही, तेथे बंडीवाल्याची काय कथा? १९ मे २०२० रोजी परप्रांतीय मजुरांना नागपूरकडे नेणारी बस आर्णी तालुक्यात टिप्परवर आदळून चौघे प्राणास मुकले, हे आम्ही विसरलेलो नाही.

२०१८ साली केंद्र सरकारने चार चाकांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ आठव्या हिश्शाची दिसते. परंतु रस्त्याची झीज भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते, असे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या चाचण्यांवरून दिसून आले. त्या हिशेबाने झीज दीडपटीहून अधिक होते. आमच्या काळ्या जमिनीवरचे रस्ते आधीच पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात भेगाळतात. मग खड्डा पडतो, तो चुकविण्यास सायकलवाला वळतो आणि मागच्या चाकाखाली जातो.

मर्यादेबाहेर माल लादल्यास २०,००० रुपये आणि जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तो चालकाप्रमाणेच वाहन चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. जादा माल उतरविल्याखेरीज गाडी हलवू नये, असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात पावती फाडून तीच गाडी पुढे सोडली जात असेल, तर तो दंड नव्हे, परवानाच होय. शिवाय कोळसा काट्यावर तोलूनच बाहेर पडतो. तेव्हा वजन ठाऊक नव्हते, ही सबब कोणी सांगू नये. काट्याच्या चिठ्ठ्या आणि दंडाच्या पावत्या यांचा मेळ जिल्हाधिकाऱ्यांनी दरमहा प्रसिद्ध करावा. आम्ही तो याच पानावर छापू.