पगार अडला कुठे?

पूर्वी रजेचा अर्ज साहेबांच्या सहीनिशी आस्थापना विभागात जाई आणि तिथला कारकून तो हजेरीपटात नोंदवी. आता मोठ्या कचेऱ्यांत हिशेब, माल, हजेरी, पगार सारे एकाच संगणक प्रणालीत असते. तिलाच ‘ईआरपी’ म्हणतात. एकदा भरलेली नोंद सगळ्या विभागांना दिसते. कामे झटपट होतात, हे खरे; पण नोंद चुकली तर चूकही तितक्याच झटपट सगळीकडे पोहोचते.

कॅनडा सरकारने २०१६ मध्ये ‘पीपलसॉफ्ट’वर आधारलेली ‘फीनिक्स’ ही पगार प्रणाली सुरू केली. आधी खात्याखात्यांत पगाराचे काम पाहणारे सुमारे १,२०० जाणकार होते. त्यांच्याऐवजी मिरामिची या गावी ५५० जण नेमले. हेतू पैसे वाचवण्याचा होता. झाले उलटेच! २०१७ च्या सरकारी लेखापरीक्षणानुसार दीड लाखावर कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या तक्रारी खोळंबल्या होत्या. कुणाला कमी पैसे मिळाले, कुणाला जास्त, तर कुणाला काहीच नाही. नियमांतले बारकावे जाणणारी माणसे आधीच कमी केली होती. मग दाद कुणाकडे मागायची?

आपल्या घरात कुणी नोकरीला असेल, तर पगाराची पावती दरमहा नीट वाचा. शिल्लक रजा, बँक खाते, भविष्य निर्वाह निधीतील वारसाचे नाव तपासा. चूक दिसताच लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. कंपनी चालवणाऱ्यांनीही एवढे करावे : संगणक जरूर आणावा, पण कर्मचाऱ्याची अडचण ऐकून घेणारा एक जाणता माणूस खुर्चीवर ठेवावा.